सांधा नसलेले दोऱ्याचे अंडे

प्रश्न : माझी भाची शिकायला वॉर्साला असते. ईस्टरला तिने मला क्रोशाने विणलेले पांढरे अंडे पाठवले. कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा मोठे, सगळी जाळी, आत काहीही नाही, आरपार दिसते. तरी बोटाने दाबले तर दबत नाही. मी स्वतः क्रोशाचे रुमाल आणि तोरणे पुष्कळ विणली आहेत, पण या अंड्याचा सांधा काही मला सापडेना. आतला साचा गेला कुठे? एवढ्याशा भोकांतून तो काढला कसा? दोरा असा ताठ राहावा म्हणून त्याला काय लावतात? आणि ईस्टरला अंडेच का?
— एक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, आतला साचा म्हणजे साधा रबरी फुगा होता. तो फुटला आणि ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर आला. ती वाट अजून तुमच्या अंड्यावर असणार. अंडे उजेडात धरा आणि बुडाकडची बाजू नीट बघा. जाळीची शेवटची ओळ जिथे संपते तिथे पेन्सिल जाईल एवढे गोल तोंड दिसेल. काही बायका ते तोंड नंतर एखादे छोटे फूल विणून झाकतात, मग ते फूल जरा उचलून पाहावे लागेल. सांधा मात्र सापडणार नाही, कारण तो नाहीच. वरच्या टोकाच्या पहिल्या साखळीच्या कड्यापासून बुडापर्यंत सगळे अंडे गोल गोल एकसंध विणलेले आहे.

विणून झालेले अंडे हातात घेतले तर ती एक लोळागोळा झालेली जाळीची पिशवी असते, अंड्याचा आकार तिच्यात शोधूनही सापडत नाही. ती खळीत बुडवायची, पिळायची, आणि बुडाच्या तोंडातून न फुगवलेला फुगा आत सरकवायचा. फुग्याची मान बाहेर ठेवायची आणि जाळी सगळीकडून ताणली जाईपर्यंत हवा भरायची. मानेला गाठ मारली की खरे नजाकतीचे काम सुरू होते. ओल्या जाळीचा एकेक फास बोटाने किंवा सुईच्या मागच्या टोकाने सरळ करायचा, कुठे दोरा पिळला असेल तर उलगडायचा, भोकांत खळीचा पडदा धरला असेल तर तो फोडायचा. इथे घाई केली तर वाकडा फास तसाच कायमचा वाळतो. मग अंडे दोरीवर टांगून एक दिवस वाळवायचे. उन्हात नको. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते, जाळी वेडीवाकडी ताणली जाते आणि कधीकधी फुगा ओल्या जाळीतच फुटतो.

वाळल्यावर लगेच टाचणी टोचायची नाही. फुगा जाळीला चिकटलेला असतो. भोकाभोकातून सुईच्या बोथट टोकाने तो हलकेच आत ढकलायचा. चिकटलेला भाग सुटला की बारीक चरचर ऐकू येते. सगळीकडून सुटला की मानेजवळ, जिथे रबर ताणलेले नसते, तिथे छोटी कात्री लावायची. हवा सावकाश जाते आणि रिकामा फुगा मानेला धरून बाहेर ओढता येतो. मधोमध टोचला तर फटकन फुटून नाजूक जाळी आत ओढली जाते आणि अंड्याला खळगा पडतो. फुगा आत घालण्याआधी त्याला तेलाचे बोट लावून ठेवले तर हे काम बरेच सोपे जाते.

आकार फक्त फुग्यामुळे येतो असे मात्र समजू नका. तो मुळात विणीत असतो, आणि तुम्ही रुमाल विणता म्हणून हे तुम्हाला लगेच उमगेल. गोल रुमाल सपाट राहावा म्हणून दर ओळीला ठरावीक टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबांत विणला तर सहा, बारा, अठरा, चोवीस असे दर फेरीला सहा सहा वाढतात. खांबांत विणला तर बारा बारा. हे सहा कुठून आले? वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ 6.28 ने वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. मुका खांब जेवढा उंच तेवढाच साधारण रुंद असतो. म्हणजे प्रत्येक फेरीने त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परिघाला सहा टाके जास्त लागतात. खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. ज्या बायकांनी हे नियम घरात तोंडपाठ केले त्यांनी भूमितीचे पुस्तक उघडले नसेल, पण त्यांच्या बोटांना पायची किंमत ठाऊक होती. मला हे फार मोलाचे वाटते.

टाके जास्त वाढवले तर रुमालाला झालर पडते, कमी वाढवले तर त्याची वाटी होते. रुमालाची वाटी झाली की आपण चुकचुकत उसवतो. अंड्यात तीच वाटी हवी असते. टोकाकडे टाके हळूहळू वाढवायचे, मध्ये वाढ थांबवायची, आणि बुडाकडे भरभर कमी करायचे. खऱ्या अंड्याचा सर्वांत रुंद भाग मधोमध नसतो, बुडाकडे सरकलेला असतो. चांगल्या विणकरणीचे अंडे याच जागेवरून ओळखावे.

तुमच्या अंड्यासारखी जाळी असेल तर आणखी एक सुंदर युक्ती वापरतात. टाके वाढवायचेच नाहीत. जाळीचे फास पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत तेवढेच ठेवायचे, फक्त फासातल्या साखळ्या बदलायच्या. वर तीन साखळ्यांचा फास, मग चार, मग पाच, रुंद भागात सहा, आणि खाली पुन्हा पाच, चार, तीन. तुमच्या अंड्यावर वरून खाली एका रेषेतले फास मोजून पाहा. ते वर-खाली बारीक आणि पोटाशी मोठे दिसले तर ते याच रीतीने विणलेले आहे.

आता ताठरपणा. पोलंडमध्ये दोन जुन्या रीती आहेत, बटाट्याच्या स्टार्चची खळ आणि साखरेचा पाक. साखर थोड्या पाण्यात विरघळेपर्यंतच गरम करतात, तार येऊ देत नाहीत. गार झाल्यावर त्यात जाळी बुडवतात. पाकाने दोरा काचेसारखा कडक होतो आणि पांढरा रंग झळकतो. आपल्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोकणात, पाकाच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दमट हवेत साखर पाणी ओढून घेते, अंडे चिकट होते आणि मुंग्यांना पत्ता लागतो.

खळीचे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगून फुटतात आणि त्यांतल्या लांबलचक साखळ्या मोकळ्या होतात. त्या ग्लुकोजच्या असतात. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, तोही ग्लुकोजचाच. त्यामुळे खळ कापसाला घट्ट धरते, तंतूंच्या मधल्या जागा भरते, आणि पाणी उडून गेले की सगळा दोरा एकजीव कडक होतो. अ‍ॅक्रिलिक लोकरीला खळ अशी धरत नाही. म्हणून जाळीच्या अंड्याला सुती दोराच घ्यावा, तोही मर्सराइज्ड, म्हणजे झळाळीवाला. आपल्याकडे खळ म्हटली की सुती साडीची साबुदाण्याची खळ आठवते. तीच अंड्याला चालते, फक्त साडीच्या खळीपेक्षा बरीच दाट हवी. साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून फडक्यातून गाळून घ्या, गुठळी राहिली तर ती भोकात अडकून दिसते. नाशिक, पुणे, नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे अंडे छान राहते. पावसाळ्यात मात्र ते मऊ पडते. वर्षभर टिकायला हवे असेल तर पांढरा फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून वापरा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि साध्या दमटपणाला दाद देत नाही.

तुमच्या भाचीने पाठवलेल्या अंड्यावर कसली खळ आहे ते माहीत नसल्याने ते धुवू नका. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि पावसाळ्यापुरते हवाबंद डब्यात ठेवा.

ईस्टरला अंडेच का, याचे कारण धर्मापेक्षा आधी खुराड्यात सापडते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळाचे. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. आपल्याकडे श्रावणात पुष्कळ घरांत अंडे शिजत नाही, तसेच. पण माणसांनी उपवास धरला म्हणून कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नाहीत, उलट वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्या जास्त घालतात. अंडी साठत जात. ईस्टरच्या दिवशी उपवास सुटला की ती खायची, वाटायची, रंगवायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबात 450 अंड्यांसाठी 18 पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. त्या अंड्यांना रंग किंवा सोन्याचा वर्ख लावून ती राजघराण्यातल्या माणसांना वाटली गेली. फुटणाऱ्या कवचातून जीव बाहेर येतो म्हणून अंड्यात येशूच्या पुनरुत्थानाचे प्रतीक पाहिले गेले, हा अर्थही लोकांनी मनापासून जपला आहे. मुंबईत वांद्र्याच्या बेकऱ्यांत ईस्टरला मिळणारी मार्झिपानची रंगीत अंडी याच रिवाजातली.

पोलंडमध्ये अंडी सजवण्याची परंपरा फार जुनी. ओपोले शहरातल्या उत्खननात दहाव्या शतकातली सजवलेली अंडी सापडली आहेत. एका रंगात उकळलेली, मेणाने नक्षी काढून रंगात बुडवलेली, रंगवून मग टोकदार पात्याने खरवडलेली, कागदाची कातरकामे चिकटवलेली असे प्रकार तिथे आहेत, आणि प्रत्येक प्रांताला आपला प्रकार सरस वाटतो. शेजारच्या युक्रेनची मेणाच्या नक्षीची अंडी 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी पोलंडमधली कुटुंबे टोपलीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज आणि किसलेल्या मुळ्यासारखे तिखट हॉर्सरॅडिश घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला जातात. ही टोपली आतून आणि वरून पांढऱ्या रुमालांनी सजवतात, आणि ते रुमाल पुष्कळदा घरी क्रोशाने विणलेले, कडक खळीचे असतात.

या मानाने क्रोशाचे अंडे अगदी अलीकडचे, कारण क्रोशाच अलीकडचा आहे. क्रोशाचे छापील नमुने पहिल्यांदा 1823 मध्ये ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात आले. त्याआधी फ्रेमवर ताणलेल्या कापडावर हूकने करायचे भरतकाम होते. खालचे कापड काढून टाकले आणि हवेतच साखळी विणली, असा तो प्रवास झाला. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भयानक दुष्काळ पडला, तेव्हा हजारो घरांतल्या बायकामुलींनी क्रोशाची लेस विणून पोट भरले.

पोलंडमध्ये या कलेचे माहेरघर म्हणजे दक्षिणेकडच्या बेस्किद डोंगरातले कोन्याकूफ हे गाव. लग्न झालेल्या बायका डोक्याला जी टोपी घालत, तिची कपाळावर येणारी पट्टी तिथे क्रोशाने विणली जाई. टोपी मागे पडली, वीण राहिली, आणि तिचे रुमाल, टेबलक्लॉथ, चर्चमधली वस्त्रे होऊ लागली. कोन्याकूफच्या बायका एक मोठा नमुना डोळ्यांपुढे ठेवून सलग विणत नाहीत. आधी बारीक फुले, पाने, तारे सुटे सुटे विणतात, मग ते मांडून साखळ्यांनी जोडतात. कागदावर आराखडा नसतो, म्हणून दोन रुमाल सारखे निघत नाहीत. 2013 मध्ये तिथल्या विणकरणींनी मिळून 5 मीटर व्यासाची एक लेस विणली. तिच्यात असे हजारो सुटे तुकडे आहेत. तुमच्या अंड्यावर फुले जोडलेली दिसली तर त्या डोंगराची सावली त्यावर आहे असे समजायला हरकत नाही. नुसती जाळी असेल तर ते पोलंडमध्ये कुठल्याही घरात विणलेले असू शकते.

तुम्ही विचारले नाही तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचे अंडे मशीनने केलेले असू शकत नाही. दोन सुयांचे विणकाम मशीनवर आणून चार शतके होऊन गेली. विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायचा माग 1589 मध्येच बनवला. त्या विणकामात सगळे फास एका रांगेत सुयांवर उभे असतात, यंत्राला ते सहज सापडतात. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो आणि सुई तयार विणीत कुठेही, कशीही शिरते. नेमक्या कोणत्या फासाखालून जायचे ते डोळा आणि बोट मिळून ठरवतात. ‘मशीनचा क्रोशा’ म्हणून बाजारात जी पट्टी मिळते ती वेगळ्याच विणीची, दिसायला तेवढी क्रोशासारखी. म्हणजे दुकानातला क्रोशाचा टॉप असो, पिशवी असो की अंडे, त्यातला प्रत्येक टाका कुणीतरी हाताने घातलेला असतो. मग ती वस्तू दोनशे रुपयांना मिळते तेव्हा त्या हाताला काय मिळाले असेल याचा विचार करावा.

याचे उत्तर शोधायला पोलंडला जायची गरज नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे आंध्रातले नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या विणकरणींवर 1982 मध्ये पुस्तक लिहिले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कामगार समजतच नव्हते, ‘घरात बसून फावल्या वेळात करतात’ एवढे म्हणून मजुरी नगण्य ठेवली जात होती, हे त्यांनी दाखवून दिले. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्याकडेही रुखवतात मांडलेल्या क्रोशाच्या वस्तूंचे कौतुक झाले, मोल कधी झाले नाही. प्रदर्शनात एखादी बाई क्रोशाचे काही विकायला बसली असेल तर तिच्याशी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आम्ही ईस्टरला मुलांसाठी अंडी रंगवतो. खऱ्या अंड्यावर क्रोशाचे आवरण विणता येईल का? आत अंडे कुजणार नाही का? लोकरीचे भरीव अंडे सोपे पडेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येते, आणि युरोपात तसे करतातही. पण कच्चे अंडे आत ठेवू नका, ते कधीतरी कुजेल किंवा फुटेल. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडा, बुडाचे भोक जरा मोठे करा, आतला बलक सुईने मोडा आणि वरून फुंकून सगळे वाटीत काढा. त्याचे ऑम्लेट करा. टरफल साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवून दोन दिवस वाळवा. आवरण टोकाकडून सर्वांत रुंद भागापर्यंत वेगळे विणायचे, मग टरफल आत ठेवून उरलेल्या फेऱ्या त्याच्यावरच विणून बुडाशी बंद करायच्या. टाके घट्ट ओढू नका, टरफल चिरते. उकडलेल्या अंड्यावर आवरण घातले आणि ते खायचे असेल, तर गोव्याच्या एप्रिलमध्ये एका तासापेक्षा जास्त वेळ फ्रिजबाहेर राहिलेले अंडे खाऊ नका.

लहान मुलांच्या हातात द्यायला लोकरीचे भरीव अंडेच चांगले. मध्यम जाडीची लोकर आणि 3 मिलिमीटरची सुई घ्या, सगळे मुक्या खांबांत विणा. पहिल्या फेरीत कड्यात 6 टाके. दुसरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. तिसरी साधी. चौथीत एक टाका सोडून एक वाढवा, 18. पाचवी साधी. सहावीत दोन सोडून एक वाढवा, 24. सात ते अकरा या पाच फेऱ्या साध्या. बाराव्या फेरीत दोन टाके साधे आणि पुढचे दोन एकत्र, असे करत 18 वर या. तेराव्या फेरीत एक साधा आणि दोन एकत्र, 12. आता कापूस भरा, टोकाकडे जरा दाबून. चौदाव्या फेरीत दोन दोन एकत्र करून 6 उरतील, त्यांतून दोरा ओवून ओढून घ्या आणि टोक आत दडवा. टोकाकडे वाढीच्या मध्ये साध्या फेऱ्या घातल्या म्हणून ते निमुळते होते, बुडाकडे एकही साधी फेरी नाही म्हणून ते बसके राहते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मणी, टिकल्या किंवा बटणे लावू नका.

2027 चा ईस्टर लवकर आहे, 28 मार्चला. घरात मुलांच्या परीक्षा असतील तर विणायला फेब्रुवारीतच बसा.